शिसवीची मूठ

भुजंगराव गुत्तेदार. महिनोन्‌महिने बाहेर, रस्त्याच्या कामावर. त्यांची बायको द्वारका लेकराला घेऊन एकटीच शेतवस्तीवर राहायची, म्हणून पिस्तुलाचा परवाना तिच्या नावानं काढला होता. पण पिस्तुलाची मूठ तिच्या हातात मावेना. मंग दोघं भोकरदनला, बंदुका दुरुस्त करणाऱ्या पाशामियाँच्या दुकानी आले.

"रबराची तयार हाय, आत्ता बसवतो. शिसवीची घेतली तर हाताचं माप घ्यावं लागंल," पाशामियाँ म्हणाले.

"रबराचीच बसवा. मला दुपारची गाडी गाठायचीय," भुजंगराव म्हणाले.

"शिसवीची," मांडीवरच्या लेकराला थोपटत द्वारका म्हणाली.

पाशामियाँनी ओल्या मातीचा गोळा पुढं सरकवला. "बाईमाणसाच्या हाताला मी हात लावत न्हाई. तुम्हीच बेटीचा पंजा धरून दाबा."

भुजंगरावांनी तिचा हात हातात घेतला. एकेक बोट मातीवर बसवलं, वरून आपला पंजा ठेवून हळूच दाबलं.

पाशामियाँनी ठसा पाहिला. "बिघडला. करंगळी हालली. पुन्हा धरा."

"तुला जरा वेळ हात स्थिर ठेवता येत न्हाई का गं?" भुजंगरावांनी वैतागून पुन्हा तिचा हात धरला.

"न्हाई येत," ती म्हणाली आणि या वेळी अंगठा हलवला.