घण्याचे कान

"एक, दोन, तीन, चार!" बेस गिटारवाल्याचा आवाज मागून आला आणि स्टेजवर ड्रम लावत बसलेल्या घण्याच्या हातातली स्टिक गळून पडली.

तीन वर्षांत त्याच्या कानांवर पडलेले हे पहिले शब्द.

कानठळ्या बसवणाऱ्या मेटल बँडमध्ये हात तयार झालेल्या या ड्रमरने पोटासाठी काय काय वाजवलं नव्हतं? जहाजावर गळ्यात बो अडकवून म्हाताऱ्या जोडप्यांना नाचवलं, सर्कशीत झोपाळ्यावरच्या उड्यांआधी ड्रम घुमवला, साबणाच्या जाहिराती वाजवल्या. पण जित्याची खोड! पन्नाशीत पुन्हा मेटलमध्ये शिरला आणि होते नव्हते ते कान घालवून बसला.

ही गोष्ट त्याने या कानाची त्या कानाला कळू दिली नव्हती. माहीत होतं फक्त दोघांना. बेसवाला खांदा उडवून त्याला लय दाखवायचा. बायको पाटीवर लिहायची. पहिल्याच दिवशी तिने लिहिलं होतं, "तसंही लग्नापासून माझं कधी ऐकलंत?" दोघं पोट धरून हसली, मग रडली. तिचा आवाज एकदा कानी पडावा म्हणून घण्याने दोन्ही हात काढून दिले असते.

त्याने मागे वळून पाहिलं. नुसता पडदा. लपलाय लेकाचा! बेसवाला येताना घण्याच्या बायकोलाही गाडीतून आणणार होता. म्हणजे तीही पोचली असणार.

घण्याने सिंबलच्या पितळी थाळीवर दणका दिला. काहीच ऐकू आलं नाही. माणूस ऐकू येतो आणि सिंबल नाही? असो. नस मेली म्हणाले होते डॉक्टर, पण डॉक्टरांना तरी सगळं कुठे कळतं! आता बायकोला बोलतं करायचं.

तो उठला, तोच गायक धावत आला. घण्याने त्याच्या ओठांवर नजर खिळवली.

"दादा, वळणावर गाडी उलटली. बेसवाला जागीच गेला."

"कधी?"

"तास होऊन गेला."

घण्याला दरदरून घाम फुटला. "अरे, आत्ता तर त्याने..." पुढचं त्याने गिळलं. "आणि ही?"

"वहिनी वाचल्यात. हॉस्पिटलात नेलंय. शुद्धीवर आहेत, बोलताहेत. चला लवकर."

घण्याच्या जिवात जीव आला. डोळे पुसत तो जाकीट उचलायला वाकला.

तोच मागून, अगदी कानाशी, बायकोचा आवाज आला, "अहो, ऐकलंत का?"