नावाचा खिसा

घर बदलायचं म्हणून आम्ही दोघं सामानाच्या पिशव्या निवडत होतो. दुकानदाराने जाड कापडाची चेनवाली पिशवी उलगडली. “ही घ्या ताई. कितीही वेळा वापरा. बाहेर हा प्लास्टिकचा खिसा. यात नावाची चिठ्ठी सरकवली की कुणाचे कपडे कुठे, शोधाशोध नको.” नवऱ्याने माझ्याकडे पाहिलंच नाही. आमच्या मुलीचं नाव ठेवायचं राहूनच गेलं होतं. मला एक हवं होतं, त्याला दुसरं. दोघंही हट्टाला पेटलेलो. नवव्या दिवशी ती गेली, तेव्हा दवाखान्याच्या कागदावर ‘बाळ’ एवढंच होतं. तीन पिशव्या घेतल्या. घरी येऊन तिसरीत तिची झबली भरून चेन लावली. नवरा टेम्पोवाल्याशी बोलायला खाली गेला, तशी मी खिशात चिठ्ठी सरकवू लागले. आत आधीच एक होती. त्याच्या अक्षरात, मला हवं असलेलं नाव. माझ्या चिठ्ठीवर त्याला हवं असलेलं.