लाल दिवा

रेडिओवर पार्लमेंटमधलं मतदान चालू होतं. अपंगांना नोकरीसाठी मिळणारी सरकारी मदत वाढवायची की नाही, याचा निकाल आज लागणार होता. 'ते रापा' गावातल्या दूध पावडरीच्या कारखान्याच्या प्रयोगशाळेत कौमुदी हातातलं काम टाकून ऐकत होती. दूध पावडरीची चव तपासण्याच्या कामासाठी अकरा जणी आल्या होत्या. चाचणीत ठेवलेल्या नमुन्यांतला जुना नमुना एकट्या अनुयाने ओळखला होता. पण अनुयाला दिसत नव्हतं, आणि मॅनेजर ग्रँटने तिचा अर्ज तीन आठवडे अडकवून ठेवला होता. "तिच्यासाठी काय काय बदलावं लागेल, कोण जाणे. विधेयक होऊ दे, मग बघू." असं तो म्हणाला होता.

विधेयक मंजूर झालं. "स्वीट ॲज!" असं किवी ढंगात 'मस्तच' म्हणत ग्रँटने सरकारी मदतीचा फॉर्म पुढे केला. "तिलाच विचारून लिही. हात आखडू नकोस."

दुसऱ्या दिवशी कौमुदीने अनुयाला चव घेण्याच्या खोलीत नेऊन बसवलं आणि रोजच्या सवयीने खटकन बटण दाबलं.

"हे काय लावलंत, कौमुदीताई?"

"लाल दिवा गं. रंग दिसला की जीभ फसते. या उजेडात नमुन्याचा रंग कळत नाही, म्हणून इथे सगळ्यांनाच..." कौमुदी मध्येच थांबली.

अनुयाला हसू फुटलं. "सांगा ना, सगळ्यांनाच काय?"

कौमुदीने दिवा बंद केला आणि बाहेर येऊन फॉर्म उघडला. 'कोणते बदल हवेत?' याखाली अख्खं पान कोरं सोडलेलं होतं.

तिने लिहिलं, 'एक दिवा कमी.'