पाहुण्यांची कॉफी

"असान घरात नाही," सेतवेलीने फाटकातच सांगून टाकलं. "ताश्कंदला गेलाय कामाला. माझा मुलगा असला म्हणून काय झालं, कधी येणार ते मलाही सांगत नाही."

फाटकाशी दोघे होते. एक रशियन लेफ्टनंट, हातात सैन्यभरतीचा हुकूम. दुसरा ग्रामकचेरीतला इलियास, क्रिमियाच्या मातीतला, आपल्यातलाच तातार. इलियासने छातीवर हात ठेवून सलाम केला. सलाम करून आलेल्याला फाटकातून परत कसं पाठवायचं? सेतवेलीने दोघांना आत नेऊन बसवलं.

"मुलगा आमचा नागरिक आहे ना?" लेफ्टनंटने विचारलं.

"आहे तर!" इलियास म्हणाला. "क्रिमिया रशियाचा झाला त्या साली पासपोर्टच्या रांगेत सगळ्यांच्या पुढे हेच बापलेक होते. खरं ना, सेतवेली आगा?"

असान तेव्हा नको नको म्हणत होता. 'घेऊन टाक रे, कागदाने काय माणूस बदलतो?' असं म्हणत सेतवेलीनेच त्याला हाताला धरून नेलं होतं. आता युक्रेनशी लढाई जुंपली होती आणि सेतवेलीच्या बहिणीचा मुलगा युक्रेनच्या बाजूने, समोरच्या खंदकात होता.

लेफ्टनंटला घाई होती. "नाही तर नाही. चल, पुढचं घर बघू." दोघे उठले. सेतवेलीचा जीव भांड्यात पडला, आणि त्या भरात जन्माची सवय तोंडातून निघून गेली.

"अहो, असं कसं? कॉफी न घेता कोणी उठत नाही या घरातून. असान, कॉफी आण रे बाळा!"

बोलून झाल्यावर त्याला ते ऐकू आलं. इलियासने मान खाली घातली. लेफ्टनंट पुन्हा बसला.

मागचं दार उघडंच होतं, असानला निसटता आलं असतं. तरी थोड्या वेळाने कॉफीचा वास आला आणि मागोमाग तबक घेऊन असान आला. पाहुण्यांना कॉफी घरातल्या धाकट्यानेच द्यायची असते. त्याने लेफ्टनंटला दिली, इलियासला दिली, शेवटी बापापुढे पेला धरला.

"घ्या बाबा. निवेल."

रिकाम्या तबकावर लेफ्टनंटने हुकूम ठेवला. असानने सही केली.

"सामान बांध. गाडी बाहेर उभी आहे."

असान आत गेला. त्याच्यामागून त्याची आई मावीले गेली, नवऱ्याकडे न बघता.

इलियासने पेल्याला हात लावला नव्हता. लेफ्टनंटने मात्र आपला चवीने संपवला. "फक्कड झालीय! आणखी एक मिळेल?"

असानला मारायची हाक सेतवेलीच्या ओठांवर आली, ती त्याने गिळली. तो उठून स्वतःच स्वयंपाकघरात गेला. भांडं शेगडीवर होतं, अजून गरम. कॉफीचा डबा कुठला, हे मात्र त्याला ठाऊक नव्हतं. शेजारच्या खोलीत बॅगेची चेन ओढल्याचा आवाज आला.

विचारायचं, तर हाक मारावी लागणार होती. सेतवेली एकेक डबा उघडून बघत राहिला.