कृष्णेचा गडू

“अण्णा, मी येईपर्यंत आईला त्या पुलावर न्यायचं नाही. लांबून दाखवा हवं तर. पण पहिलं पाऊल ती माझ्याबरोबर टाकणार.”

वाईहून निघायच्या आदल्या दिवशी राजस फोनवर असं बजावत होता. उमानं मधेच फोन ओढून घेतला, “तुला काय आणू रे?” तर हा म्हणाला, “घाटावरचं कृष्णेचं पाणी आण, आई. इथं बाटलीतलं पिऊन तोंडाची चव गेली.”

“आणते. माझ्या हातानं पाजीन,” उमा म्हणाली होती. तांब्याच्या छोट्या गडूत पाणी भरून तिनं त्याचं तोंड मेणानं बंद केलं होतं.

तो गडू आता विलेमस्टॅडच्या हॉटेलात खिडकीशी ठेवलेला होता. डच लोकांनी फार पूर्वी दूरच्या बेटावर वसवलेलं, समुद्रकाठचं गाव. खिडकीतून तो पूल दिसायचा. लाकडी, पाण्यावर तरंगणारा. जहाज आलं की अख्खा पूल दारासारखा बाजूला सरकायचा. मोठी जहाजं पलीकडच्या काठाला लागत. राजस तसल्याच एका जहाजावर शेफ होता. आईवडिलांनी आपल्याबरोबर चार दिवस सुट्टी घालवावी म्हणून तिकिटं त्यानंच पाठवली होती.

पोहोचल्याच्या दुसऱ्या दिवशी पूजा उरकून उमा चहा करत होती. तेवढ्यात कंपनीच्या माणसाचा फोन आला. अण्णा बाल्कनीत गेले. राजस भटारखान्यात कोसळला होता, तो उठलाच नाही. जहाज शुक्रवारी बंदराला लागेल, तोवर त्याला जहाजावरच ठेवू, असं तो माणूस सांगत होता.

अण्णा न्हाणीघरात गेले. नळ पूर्ण सोडला आणि पंचा तोंडात कोंबला. बाहेर आले तेव्हा टेबलावर टाकलेला त्यांचा फोन उमाच्या हातात होता. तिनं तो चार्जिंगला लावला.

“कंपनीवाला काय म्हणत होता?”

“जहाजाला उशीर आहे. वाटेत वादळ लागलंय.”

तिनं कपात चहा गाळला. “येऊ दे सावकाश,” म्हणाली. “चहा घ्या.”

परक्या मुलखात तिला काय सांगायचं? गळ्यात पडून रडायला एक ओळखीचं माणूस नाही. शुक्रवारपर्यंत तरी तिची सुट्टी तिला मिळू दे, असं अण्णांनी मनाशी ठरवलं.

त्यांना धास्ती होती ती तिच्या पूजेची. उमाचे नेम कडक. बाळकृष्ण आणि अन्नपूर्णा डबीत घालून तिनं विमानातून आणले होते. रोज पूजेच्या शेवटी लेकाच्या नावानं ती एक फूल वाहायची. ते उघड्या डोळ्यांनी बघायचं कसं?

पण दुसऱ्या दिवशी उमानं डबी उघडलीच नाही. “देवांनाही शीण आला असेल,” ती म्हणाली, “त्यांनाही असू दे की सुट्टी.”

अण्णांचा जीव भांड्यात पडला. सवयीनं ते गंध उगाळायला बसले, तर तिनं सहाण उचलून ठेवली. “या उकाड्यात ओघळून डोळ्यात जाईल.” दाढीचं सामान काढलं, तर म्हणाली, “सुट्टीत कोण दाढी करतं? आपला बिराप्पा फौजेतून रजेवर आला की कसा जंगल वाढवून हिंडतो.”

दोघं काठाकाठानं फिरले. पिवळी, गुलाबी, निळी घरं पाण्याला खेटून उभी होती.

“शेजारच्या हरणाबाईनं घरातली सगळी लुगडी एकदम वाळत घातल्यासारखं वाटतंय,” उमा म्हणाली.

अण्णांना हसू आलं. आणि आलं म्हणून स्वतःची इतकी शरम वाटली की ते बुटाचा बंद बांधायला खाली वाकले आणि बराच वेळ वाकलेलेच राहिले. उमा शेजारी उभी राहून समुद्राकडे बघत होती.

एका बाईनं खोबऱ्याची वडी पुढे केली. गोडाची एवढी आवड असलेली उमा, पण तिनं मानेनंच नको म्हटलं. “राजस आल्यावर बघू.” अण्णांनी मान फिरवली.

हॉटेलातला पलंग तिला फार मऊ वाटायचा. चादर अंथरून ती खालीच झोपायची.

गुरुवारी वाईहून, घरच्या तुळशीला पाणी घालणाऱ्या बनुबाईचा फोन आला. “आवं वैनी, लय मजा करताय जणू! आमाला इसरला व्हय?”

“तुला कशी विसरेन गं?”

“तिकडची मान्सं कशी हाईत?”

“आपल्यासारखीच. बनुबाई, देवापाशी दिवा नको लावूस आता. उंदीर वात पळवतात.”

“बरं. पोरगं भेटलं का?”

“उद्या,” उमा म्हणाली.

अण्णांनी कूस बदलली आणि भिंतीकडे तोंड केलं.

शुक्रवारी सकाळी घंटा वाजली. पूल बाजूला सरकला आणि पांढरंशुभ्र जहाज खाडीत शिरलं. अण्णा खिडकीशी उभे राहून शब्द जुळवत होते. पहिलाच शब्द सापडेना.

मागे वळले तर उमा आंघोळ करून, साधं सुती लुगडं नेसून तयार होती. हातात गडू होता.

“चला. पूल परत लागतोय.”

“उमा, थांब जरा. मला तुला एक...” त्यांची नजर देवांच्या डबीवर गेली. पलीकडे पोहोचल्यावर ती कोसळेल; तेव्हा तिला धरायला निदान तिचे देव तरी जवळ असावेत. त्यांनी टेबलावरची डबी उचलून तिच्यापुढे धरली. “हे बरोबर घे. ऐक माझं.”

उमा एक पाऊल मागे सरली. पदर आवरून घेतला, डबीला लागू नये म्हणून.

“सुतकात कसं शिवू त्यांना?” ती हळूच म्हणाली, आणि नखानं गडूचं मेण सोलत पुलाच्या दिशेनं निघाली.