चुका घालणारे

चाळीस वर्षं मुद्रितशोधक म्हणून लोकांच्या चुका काढलेले खानोलकर म्हातारपणी चुका घालायच्या नोकरीला लागले होते. परदेशातल्या मुलांच्या नावाने यंत्र आईवडिलांना मेसेज लिहायचं. ते पोरांनीच लिहिलेत असं वाटावं म्हणून खानोलकर ऱ्हस्व-दीर्घ बिघडवायचे, एखादा अनुस्वार खायचे. शेजारच्या टेबलावर मंदाताईही हेच करायच्या.

दुपारी डबा उघडताना खानोलकरांच्या फोनवर त्यांच्या कॅनडातल्या लेकीचा मेसेज आला. "बाबा, औशध घेतल का.. आठवण येते.."

दोन-दोन टिंबं टाकायची खोड मंदाताईंची. खानोलकरांनी फोन त्यांच्यापुढे धरला.

"दोन वर्षं झाली," मंदाताई मान खाली घालून म्हणाल्या. "तुमचे मेसेज मी दुसऱ्या कुणाच्या हाती देत नाही."