गोळी कोणी पाहिली

"लेकराला पुन्हा पेनिसिलीन दिलंत, तर ते माझ्या हाती लागायचं नाही!"

आईचा तो आकांत अक्काच्या कानात साठ वर्षं राहिला. आई गेली, ते घर गेलं. आवाज काही गेला नाही. धाकट्या भावाला कुठल्याही दवाखान्यात नेलं, की डॉक्टरांनी विचारायच्या आधी अक्काच सांगायची, "याला पेनिसिलीन चालत नाही. मी डोळ्यांनी पाहिलंय."

आता भाऊ खाटेवर होता. पायाला जाड बँडेज, मनगटावर ॲलर्जीचा लाल पट्टा. अक्का उशाशी बसून संत्रं सोलत होती.

परिचारिकेनं पट्टा वाचला, केसपेपरशी ताडून पाहिला, मग नाव विचारलं.

"सिस्टर, सकाळपासून चौथ्यांदा सांगतोय," भाऊ म्हणाला. "आता माझं मलाच खोटं वाटायला लागलंय."

"खोटं असेल तर आत्ताच सांगा, काका." ती हसली आणि स्टूल ओढून बसली. "जखम चिघळतेय, चालू औषध लागू पडत नाहीये. पाय ठेवायचा की काढायचा, ते डॉक्टर उद्या ठरवतील. पेनिसिलीनच्या जातीचं औषध कामाला येईल, पण हा पट्टा पाहून त्याची चाचणी करायलाही कोणी धजत नाही. म्हणून मुळापासून विचारते. तेव्हा नेमकं काय झालं होतं?"

"मी चार वर्षांचा. घसा दुखत होता. गोळी घेतली आणि तोंड भोपळ्याएवढं सुजलं, श्वास कोंडला. मला कुठून आठवणार! अक्का सांगते."

"गोळीनंतर किती वेळानं, मावशी?"

"लगेच."

"गिळताना कोणी पाहिलं?"

हे आजवर कोणी विचारलं नव्हतं. संत्र्याची फोड अक्काच्या हातातच राहिली. बँडेजमधून भावाचा अंगठा तेवढा डोकावत होता. याच पायांनी तो दिवसभर तिच्या मागे मागे धावायचा.

"सांग की, अक्का. तुला तर सगळं पाठ आहे."

"आईनं गोळी माझ्याकडे दिली होती," अक्का हळूच म्हणाली. "याला भरव म्हणून. मी याला घेऊन घरामागे गेले. गांधीलमाश्यांचं पोळं मी डिवचलं. चावल्या मात्र याला."

तिनं फोड ताटलीत ठेवली. रिकामी मूठ मिटली, मग भावापुढे उघडली.

"गोळी इथंच होती, बाळ्या. आई ओरडत होती ना, तेव्हासुद्धा."